चौथी जागा

पेठ तालुक्यात पाऊस भरपूर. नाशिकहून कोटंबीचा घाट ओलांडून गेलं की जुलै-ऑगस्टात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी पडतं, डोंगरउतारावरून घसरत दमणगंगेला मिळतं आणि गुजरातकडे निघून जातं. मार्च लागला की त्याच गावांतल्या बाया झिऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. नागली, वरई, भात घरात आला की अर्धं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातं आणि मुलं आश्रमशाळेत राहतात. चढउतारावर वाढलेल्या या मुलांचे पाय बळकट. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, तेव्हापासून तर इथल्या मुलींना धावणं हे आपल्या घरचंच काम वाटतं.

अशाच एका आश्रमशाळेत नववीत शिकणारी एक मुलगी. तीन हजार मीटरला शाळेची सगळी आशा तिच्यावर होती. डिसेंबरात प्रकल्पस्तरीय स्पर्धा भरल्या, त्याही त्यांच्याच शाळेच्या मैदानावर. मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेली दोनशे मीटरची फेरी, अशा पंधरा फेऱ्या. नवव्या फेरीपर्यंत ती पहिली होती. दहाव्या फेरीत मागे पडली, अकराव्यात आणखी मागे, आणि बाराव्या फेरीत, जिथे तिच्या शाळेची सगळी मुलं ओरडत उभी होती तिथेच, ती आखलेल्या रेषेबाहेर येऊन खाली बसली.

पडली असती तर कुणी काही बोललं नसतं. ती बसली, आणि तेच लोकांच्या डोळ्यांत खुपलं. संध्याकाळपर्यंत वसतिगृहात एकच शब्द फिरत होता: नाटक. सगळ्यांत मोठ्याने तो शब्द उच्चारणारी मुलगी दहावीतली होती. तीन हजारला तिचंही नाव जायचं होतं, पण चाचणीत ती या नववीतल्या मुलीच्या मागे राहिली आणि तिची जागा गेली. "आपल्याला जमत नव्हतं तर दुसरीला धावू द्यायचं," ती जेवणाच्या रांगेत म्हणाली, "मुद्दाम थांबली ती." नववीतली मुलगी ताट न घेताच रांगेतून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी चार बाय चारशेची रिले होती. शाळेच्या संघात या दोघी होत्या आणि आठवीतल्या आणखी दोघी. पाचवी, राखीव मुलगी, आठवडाभरापूर्वीच गावी गेली होती. आईबाप द्राक्षबागेत निघाले, घरी धाकट्या भावंडांजवळ कुणीतरी हवं म्हणून तिला नेलं होतं. म्हणजे मुली चारच. मधल्या दिवशी दुपारी नववीतल्या मुलीने क्रीडाशिक्षकांना गाठलं.

"सर, माझं नाव काढा. मी रिलेत नाही."

"का गं?"

"नाही धावायचं मला आता. कधीच."

सर चांदवड तालुक्यातले. जिल्हा एकच, पण मुलूख निराळा. तिकडे पाऊसच रुसलेला. त्यांनी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आदल्या रात्री वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडमनी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं होतं, की पोरीच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. महिन्याचा पहिला दिवस. नाव काढतील या भीतीने ती कुणाजवळ बोलली नाही, आणि बाराव्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा बसली. हे सरांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असेल तर तिने सांगावं, असं त्यांना वाटलं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. पोरीच्या अब्रूची सफाई तिला न विचारता चारचौघांत मांडणं हाही एक अपमानच आहे.

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुलं-मुली अभ्यासाला बसली होती. सर आले आणि खांबाला टेकून बसले.

"एक शर्यत सांगतो," ते म्हणाले. "२०१८ चा ऑगस्ट महिना. इंडोनेशियात पालेमबांग नावाचं शहर आहे. आशियाई स्पर्धा चालू होत्या. होड्यांची शर्यत, दोन हजार मीटरची, एकेरी. एका होडीत एकच माणूस. आपल्या देशाचा जो माणूस होता तो एरवी हे अंतर सात मिनिटांच्या आत कापायचा. त्या दिवशी त्याला साडेआठ मिनिटांच्या आसपास लागली. सगळे पोचले, त्यांनी वल्ही खाली ठेवली, आणि हा आपला मागून येतोय. सगळ्यांत शेवटी."

"हरला?" पाचवीतल्या एका मुलाने विचारलं.

"हरला."

"कुठला होता?"

"नाशिक जिल्ह्यातला. तळेगाव रोहीचा. माझ्या तालुक्यातला."

मुलांनी वह्या मिटल्या. नववीतली मुलगी भिंतीकडच्या रांगेत मान खाली घालून बसली होती, तिने वही मिटली नाही.

"त्याचं नाव दत्तू बबन भोकनळ," सर म्हणाले. "आता आमचं तळेगाव कसं आहे ते ऐका. तिथे विहीर खणायची तर पुरुषभर खणून भागत नाही. कातळ लागतो, सुरुंग लावतात, दगड फोडतात, आणि इतकं करून पाणी लागेलच असं नाही. दत्तूचे वडील ती कामं करायचे, विहिरी खणायची, दगड फोडायची. पोरगा लहानपणापासून बापाबरोबर उतरायचा. शाळा मध्येच सुटायची, मध्येच धरायची. लग्नात वाढप्याचं काम केलं, शेतात मजुरी केली, रात्री पेट्रोल पंपावर उभा राहिला. २०११ साली वडील गेले. घरात आई आणि पाठचे दोन भाऊ. दुसऱ्या वर्षी तो सैन्यात भरती झाला, पुण्याला खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये."

"मग होडी?"

"होडी त्याने तोवर पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्याकडे होडी चालवायला पाणी आहे कुठे? उलट पाण्याची त्याला भीती वाटायची. पण अंगाने उंचापुरा, हातपाय लांब. कुदरत अली म्हणून लष्करातले प्रशिक्षक होते, त्यांनी हेरला आणि म्हणाले, याला होडीत बसवा. शर्यतीची एकेरी होडी म्हणजे आपल्या नदीवरची होडी नव्हे हो. साताठ मीटर लांब, माणूस जेमतेम मावेल इतकी अरुंद, आणि वजन चौदा किलोच्या आसपास. तुमच्यातला पाचवीचा पोरगा तिच्याहून जड भरेल. जरा अंग हललं की उलटते. ज्याला पाण्याची भीती आहे त्याला असल्या होडीत बसवायचं!"

इथे सर थांबले. मला वाटतं या माणसाच्या आयुष्यातला खरा धीराचा क्षण पदकाचा नाही. तो हा आहे. वीस वर्षं दगडात पाणी शोधणाऱ्या घरातला मुलगा पहिल्यांदा इतक्या पाण्यावर, इतक्या डगमगत्या होडीत बसतो. वर्तमानपत्रं पदकाच्या दिवशी येतात, या दिवशी कुणी येत नाही.

"दोन वर्षांत, २०१४ ला, राष्ट्रीय स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदकं मिळवली," सर पुढे म्हणाले. "पुढच्या साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य. २०१६ च्या एप्रिलात दक्षिण कोरियात चुंगजूला ऑलिंपिकची पात्रता फेरी होती, तीही पार केली. पण त्याच सुमाराला त्याच्या आईला अपघात झाला. डोक्याला मार बसला, आठवण गेली. पोरगा ऑलिंपिकला निघाला तेव्हा ज्या माणसाला ते पहिल्यांदा सांगायचं, तिला ते समजण्याची अवस्था नव्हती."

व्हरांड्यात शांतता पसरली. घर सोडून राहणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

"रिओला नौकानयनात आपला तो एकटाच. प्राथमिक फेरीत तिसरा आला, उपांत्यपूर्व फेरीत चौथा, म्हणजे पदकाच्या वाटेवरून बाहेर. पुढे मग खालच्या क्रमांकांच्या शर्यती असतात. तेरा ते अठरा क्रमांक ठरवायची जी शर्यत होती त्यात तो पहिला आला. सहा मिनिटं चौपन्न सेकंद शहाण्णव शतांश."

"पहिला आला म्हणजे सोनं?"

"पहिला आला म्हणजे तेरावा."

मुलं हसली. सरही हसले. "हसा, पण नीट विचार करा. पदक मिळणार नाही हे ज्या शर्यतीत आधीच ठरलंय, ती जिंकायला काय लागत असेल? त्याच ऑलिंपिकला आपल्या कविताताई मॅरेथॉन धावल्या. त्या एकशे विसाव्या आल्या. बेचाळीस किलोमीटर, आणि पुढे एकशे एकोणीस बाया पोचलेल्या. तरी शेवटपर्यंत धावल्या. नाशिक जिल्ह्यातली दोन माणसं एकाच ऑलिंपिकला गेली होती, एक तेरावा आणि एक एकशे विसावी, आणि तेव्हा आमच्या गावात काही लोक म्हणाले, काय उपयोग?"

नववीतल्या मुलीने वही मिटली.

"सर," आठवीतली एक मुलगी म्हणाली, "होडीत समोर बघून पुढच्या माणसाला गाठता येतं का?"

"येत नाही, आणि हीच तर गंमत आहे. वल्हवणारा उलटा बसतो. शेवटची रेषा त्याच्या पाठीमागे, तोंड सुरुवातीकडे. त्याला दिसतं ते कापलेलं पाणी. जे पुढे आहेत ते त्याच्या पाठीमागे, जे मागे पडलेत ते डोळ्यांसमोर. समोर कुणीच दिसेनासं झालं की समजायचं, आपण शेवटचे."

"समोर तोंड करून चालवायची होडी नसतेच का?"

"असते की. तिला कयाक म्हणतात. त्यात वल्हं होडीला अडकवलेलं नसतं, हातातच असतं, दोन्ही टोकांना पातं, आणि बसणारा पुढे बघतो. पूर्वी रशिया धरून सोव्हिएत संघ म्हणून एक मोठं राष्ट्र होतं, तिथले लोक त्यात फार पुढे. ल्युदमिला पिनायेवा नावाच्या बाईंनी टोकियो, मेक्सिको आणि म्युनिक अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलं. शेवटचं सोनं जिंकलं तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. आणि मिन्स्क शहरातला व्लादिमिर पारफेनोविच. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्याने एकाच वेळी तीन सुवर्णपदकं घेतली. त्या खेळात एका ऑलिंपिकमध्ये तीन सोनी घेणारा तो पहिलाच."

"तीन!" पाचवीतला मुलगा म्हणाला. "एकट्याने?"

"चांगलं विचारलंस. एक एकट्याने. दोन दोघांच्या होडीत. सोबत सर्गेई चुखराय नावाचा जोडीदार. नाव राहतं पारफेनोविचचं, पण त्या दोन पदकांत अर्धं पाणी चुखरायने कापलेलं आहे."

"पुढच्या ऑलिंपिकला किती घेतली?"

सरांनी मान हलवली. "एकही नाही. १९८३ पर्यंत तो जगज्जेता होता. १९८४ चं ऑलिंपिक अमेरिकेत, लॉस एंजेलिसला होतं. त्या वेळी दोन्ही देशांचं वैर. सोव्हिएत सरकारने ठरवलं, आमचा संघ जाणार नाही. झालं. चार वर्षं रोज पाण्यावर काढलेला माणूस घरी बसला. त्याचा काय दोष होता? काही नाही. शर्यतीत माणसाच्या हातात फार थोडं असतं बाळांनो. वल्हं असतं. वारा नसतो, सरकार नसतं, अंगात आलेलं दुखणंही नसतं."

शेवटचे शब्द बोलताना त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. पण नववीतली मुलगी आता त्यांच्याकडे पाहत होती.

"सर, तो तळेगावचा," तिने पहिल्यांदा तोंड उघडलं, "तो शेवटचा का आला त्या दिवशी?"

"तब्येत बिघडलेली होती. अंगात जोरच नव्हता."

"मग त्याने सांगितलं का नाही?"

"त्याने सांगितलं. पण सगळ्यांनी मानलं नाही. पुढच्या वर्षी नौकानयन महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. काय म्हणून? की त्या एकेरीच्या शर्यतीत तो मुद्दाम थांबला."

मुद्दाम हा शब्द पडला तशी दहावीतली मुलगी चुळबुळली. सरांनी तो शब्द मुद्दाम निवडला नव्हता. कागदोपत्री आरोप तसाच होता. पण त्या व्हरांड्यात तो जिथे जायचा तिथे गेला.

"मग?" नववीतल्या मुलीने विचारलं.

"बंदीचं नंतर सांगतो. आधी दुसऱ्या दिवसाचं ऐक. कारण एकेरीच्या दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या होडीची अंतिम शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि हा दत्तू. त्या होडीत प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, म्हणजे एकूण आठ. आदल्या दिवशी जो सगळ्यांच्या मागून आला, त्याने सकाळी उठून त्या होडीत बसायचं होतं. तुम्हाला काय वाटतं, सोपं असेल?"

कुणी बोललं नाही.

"चला, बसवूच आपण होडी," सर उठले. "कवायतीच्या काठ्या आणा रे."

काठ्या आल्या. सरांनी आठवीतल्या दोघी आणि दहावीतली मुलगी यांना व्हरांड्याच्या फरशीवर एकामागे एक बसवलं. तोंडं एका बाजूला, पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. "ते दार म्हणजे शेवटची रेषा. मागे वळून बघायचं नाही. दोन हातांत दोन काठ्या. पाय लांब, मग गुडघे दुमडून पुढे सरकायचं, मग पायांनी रेटून मागे. खऱ्या होडीत बैठक रुळावर सरकते. लोकांना वाटतं वल्हं हाताने ओढतात. बहुतेक जोर पायांचा असतो, तुमच्यासारखाच."

चौथी जागा रिकामी होती. पाचवीतला मुलगा टुणकन तिथे बसायला निघाला, सरांनी त्याला हाताने थांबवलं. त्या मुलीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही, तिला बोलावलंही नाही.

"ओढा!"

तिघींनी ओढलं. दहावीतलीने सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोराने; तिची काठी मागच्या मुलीच्या काठीवर आदळली, ती पुढे निसटली आणि खणखण आवाज झाला. मुलं हसू लागली.

"हे असं होतं," सर म्हणाले. "जास्त जोर लावला म्हणून होडी जास्त पळत नाही. एकाचं वल्हं अर्ध्या क्षणाने आधी पडलं तरी होडीला धक्का बसतो, वेग तुटतो. सगळे पाठमोरे, एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसते फक्त समोरच्याची पाठ. तिच्यावरून ताल धरायचा. आता पुन्हा, आणि पुढच्या मुलीचा ताल धरून."

दुसऱ्यांदा बरं जमलं. तिसऱ्यांदा आणखी बरं. सहा काठ्या एकदम मागे येऊ लागल्या.

"आता सांगा, चौथा माणूस होडीत बसलाय, पण वल्हवत नाही. रुसलाय म्हणा, लाजलाय म्हणा. काय होईल?"

"तिघं वल्हवतील," एक मुलगा म्हणाला.

"वल्हवतील. पण त्याचं वजन कुठे जाईल?"

मुलगा विचारात पडला. "होडीतच राहील."

"ते कोण ओढेल?"

"तिघं."

"आणि तो बसलाच नाही तर?"

"मग होडी हलकी!" पाचवीतला मुलगा आनंदाने म्हणाला.

"मग होडी पाण्यात उतरतच नाही," सर म्हणाले. "चौघांच्या शर्यतीत तीन माणसं चालत नाहीत. बाकीच्या तिघांनी काय चूक केली होती? पण त्यांचीही वर्षांची मेहनत संपली, किनाऱ्यावरच."

व्हरांड्यातली मुलं इकडेतिकडे पाहू लागली. लहानांना एव्हाना कळलं होतं, की गोष्ट इंडोनेशियाची राहिलेली नाही.

नववीतली मुलगी जागेवरून उठली नाही. तिने विचारलं, "बाकीचे तिघं त्याला काही बोलले नसतील का, सर? की तू काल असं का केलंस?"

"बोललेही असतील. माणसंच ती. त्यांचाही आदला दिवस काही आनंदाचा गेला नव्हता. पण होडी एकट्याने उचलता येत नाही बघ. चौघांची होडी बावन्न किलोच्या वर असते आणि लांबच्या लांब. चौघांनी मिळून ती पाण्यापर्यंत न्यायची असते. ती त्या सकाळी चौघांनी नेली."

"आणि?"

"सहा मिनिटं सतरा सेकंद तेरा शतांश. सुवर्णपदक. यजमान इंडोनेशियाची होडी तीन सेकंदांहून जास्त मागे. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात नौकानयनात भारताचं त्याआधी एकच सोनं होतं, २०१० साली बजरंगलाल ताखरचं. हे दुसरं."

टाळ्या वाजल्या. सरांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"बंदीचं राहिलंय. हे सोनं मिळाल्यावरही ती बंदी आली. चौघांचं पदक गळ्यात होतं, आणि एकेरीचा डाग अंगावर. खेळाडूचं वय चाललेलं, आणि पाण्यावर उतरायला मनाई. पण २०२० च्या जानेवारीत ती बंदी उठली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला."

या बंदीबद्दल मला फार वाटतं. ज्यांनी ती घातली त्यांना शिस्तीची काळजी असेल, तसं असणं गैर नाही. पण शर्यतीत थकलेला आणि शर्यत सोडणारा यांच्यातला फरक काठावरून दिसत नाही. तो शोधायला काठ सोडून त्या माणसाजवळ जावं लागतं, विचारावं लागतं, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड आवरावं लागतं. मोठ्या संस्थांना हे जमलं नाही, तर वसतिगृहातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना ते आपोआप जमावं ही अपेक्षा मी करणार नाही. पण त्या रात्री एकीला ते जमलं.

जेवणं झाली, दिवे मालवायची वेळ झाली. दहावीतली मुलगी नववीतल्या मुलीच्या पथारीपाशी येऊन उभी राहिली.

"तुला काय झालं होतं काल?" तिने विचारलं.

"काही नाही."

"सांग ना."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग हळू आवाजात तिने सांगितलं. दहावीतली मुलगी शेजारी बसली.

"मला का नाही सांगितलंस? माझ्याकडे मॅडमनी दिलेली गोळी होती."

"तुला सांगितलं असतं तर तू धावली असतीस माझ्याऐवजी."

"हो, धावले असते," दहावीतली म्हणाली. खोटं बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग म्हणाली, "मी नाटक म्हणाले ते सगळ्यांपुढे म्हणाले. उद्या सगळ्यांपुढे सांगते, तसं नव्हतं म्हणून."

"कारण सांगू नकोस पण."

"कारण कशाला सांगू? नाटक नव्हतं एवढंच सांगेन."

सकाळी प्रार्थनेनंतर रांगा मोडायच्या आधी तिने तेवढंच सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जेवणाच्या रांगेतल्याइतकाच मोठा होता.

रिले दुपारी साडेतीनला होती. संघाचा क्रम सर लिहायला बसले. नेहमी नववीतली मुलगी शेवटी धावायची, कारण ती सगळ्यांत वेगवान. सरांनी पेन्सिल हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"सर, शेवटी ताईला ठेवा," ती म्हणाली. "मी तिसरी धावते. मी नीट आणून देते तिच्या हातात."

"पोट?"

ती लाजली. सरांना ठाऊक आहे हे तिला आत्ताच कळलं. "बरं आहे. मॅडमना विचारा हवं तर."

सरांनी खरंच विचारलं. मॅडमनी होकार दिला तेव्हाच त्यांनी नाव लिहिलं.

सहा संघ होते. पहिली मुलगी चौथ्या क्रमांकावर आली, दुसरीने तो टिकवला पण अंतर वाढलं. बॅटन नववीतल्या मुलीच्या हातात आलं तेव्हा पुढच्या तिघी बऱ्याच लांब गेल्या होत्या. चारशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी तिने जपून काढली. मुलं ओरडत होती, पळ, पळ, आणि ती जपून धावत होती. परवा जिथे बसली होती त्या जागेवरून ती गेली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिने एकीला मागे टाकलं, सरळ रेषेत दुसरीच्या खांद्याशी आली, आणि बॅटन पुढे केलं. दहावीतली मुलगी मागे न बघता हात पसरून उभी होती. बॅटन सरळ तिच्या तळव्यात बसलं.

शेवटच्या टप्प्यात दहावीतलीने आणखी एकीला मागे टाकलं. पहिल्या संघाला गाठायला अंतर कमी पडलं. दुसरा क्रमांक. पहिले दोन संघ विभागीय स्पर्धेला जाणार होते.

संध्याकाळी टेबलापाशी निकाल लिहिले जात होते. तीन हजार मीटरच्या कागदावर तिच्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' असं होतं, ते तसंच राहिलं. रिलेच्या कागदावर चार नावं एका ओळीत लिहिली गेली, आणि त्यांच्यापुढे २ हा आकडा. ती दोन्ही कागद वाचत उभी राहिली.

"सर, पुढच्या वर्षी तीन हजारला माझं नाव द्याल ना?"

"देईन. दुखलं-खुपलं तर आधी सांगशील?"

"मॅडमना सांगेन," ती म्हणाली. "आणि ताई असली तर तिला."

"ताई पुढच्या वर्षी नसेल. दहावी होईल तिची."

मुलीने हे गृहीत धरलं नव्हतं. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मग विभागीयच्या आधी तिच्याकडून शेवटचा टप्पा शिकून घेते," आणि दहावीतलीला शोधायला वसतिगृहाकडे निघाली.